उंबरठ्याएवढी मोटार

दिग्रस,
२० जून १९६६

प्रिय डोमाजी,

उकंडाचा जयभीम. तुझ्या भाऊजीला अजून कोणी वेड्यात काढलं नसेल, तर हे वाचून तू सुरुवात करायला हरकत नाही.

काम मोटारीचं आहे. जिनिंगवाल्या शेठची ती छत्तीस सालची काळी मोटार मी अठरा वर्षं चालवली आणि शेठने नवी घेतल्यावर ती माझ्या गळ्यात पडली. लोक म्हणतात, शेठने उकंडाला बक्षीस दिली. खरं म्हणजे भंगारवाल्याने तिला हात लावला नाही म्हणून ती माझी झाली. तरी भाड्याने फिरवतो. उतारावर ती माझं ऐकते, चढावर मी तिचं ऐकतो.

ही मोटार मला खाली बसवायची आहे. निदान चार बोटं. परवा शेठकडे नागपूरचे एक डॉक्टर आले होते, त्यांची गाडी जमिनीला अशी लगटून चालत होती की बघत राहावं. आपली मात्र मचाणासारखी उंच. तू एस.टी.च्या वर्कशॉपात दहा वर्षं कमानी खोलतो आहेस, तेव्हा कमी खर्चात हे कसं होईल ते कळव. कमी म्हणजे माझ्या मानाने कमी. इथल्या मिस्त्रीला विचारलं तर त्याने आधी हसून घेतलं, मग जो आकडा सांगितला त्यात अशीच दुसरी मोटार आली असती.

दसऱ्याच्या आधी व्हायला हवं. का ते विचारू नकोस, हौस समज.

तुझी ताई बरी आहे.

उकंडा


यवतमाळ,
२७ जून १९६६

भाऊजींना जयभीम.

तुमचं पत्र दोन पोस्टकार्डांवर मिळालं, दोन नंबरचं आधी. माझ्या हातात पडेपर्यंत ती दरवानाने, टायरवाल्याने आणि हेड मिस्त्रीने वाचली होती. आता अख्खं वर्कशॉप मला विचारतं, तुमच्या भाऊजींची हौस कुठवर आली? पुढच्या वेळी पाकीट वापरा. तेवढा खर्च झेपेल.

कमान म्हणजे चाकावर गाडी तोलून धरणारे, एकावर एक बांधलेले पोलादी पाटे. तुमच्या मोटारीला चार कमानी, एकेकीत नऊ पाटे असतील. मधले पाटे कमी केले की कमान नरम पडते आणि गाडी बसते. सगळ्यात लांब पाट्याला हात लावायचा नाही, गाडी त्याच्यावरच टांगलेली असते. एका कमानीतला एक पाटा काढा, गाडी किती बसली ते बघा, मग दुसरा. खाली लाकडी ठोकळे ठेवल्याशिवाय गाडीखाली शिरू नका. काही झालं तर ताई मला जिवंत ठेवणार नाही.

आम्ही इथे जादा पाटे चढवतो, काढत नाही, कारण आमच्या गाड्या तुमच्याच रस्त्यांवर चालतात. डॉक्टरांची गाडी नागपूरच्या डांबरावर. बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांमधला वरंबा पावसाळ्यात केवढा होतो हे मी तुम्हाला सांगायचं का? पन्नाशी उलटल्यावर माणसाला देखण्या गाडीची हौस सुटते, हे मात्र मला नवीन.

ताई का लिहीत नाही? दर महिन्याला तिचं पत्र येतं आणि त्यात माझी एक तरी चूक असते. दोन महिने झाले. मी एवढा सुधारलो असेन असं वाटत नाही.

डोमाजी


दिग्रस,
१४ जुलै १९६६

प्रिय डोमाजी,

हे पाकिटातून येत आहे यावरून ओळख, बातमी चांगली नाही.

खर्च अर्धा करायची युक्ती मला सुचली. मी मनाशी म्हटलं, माणूस मोटारीत चढतो डाव्या बाजूने. मग उजवीला कशाला हात लावायचा? लोहाराला धरून डावीकडच्या दोन कमानींतले तीन-तीन पाटे काढले आणि मोटार खाली सोडली. ती डावीकडे कलली. उभी असली की वाटतं, शेजारचं कोणीतरी कानात काही सांगतंय आणि ही ऐकते आहे.

चालू केली तर तिचं मन डावीकडेच. बाजारातून स्टँडवर जायला निघालो आणि पोचलो भलत्याच गल्लीत. तिथे वळायला जागा नव्हती, म्हणून त्या गल्लीतच काम आहे असं दाखवून एका घरी पाणी पिऊन आलो. दारव्ह्याला तीन अडते घेऊन गेलो. तिघं सगळा रस्ता एकमेकांच्या अंगावर होते. उतरले तेव्हा सोयरीक जमल्यासारखे गोड बोलत होते, एवढाच काय तो फायदा.

तुझी ताई दारात बसून पाहत होती. म्हणाली, ''मोटार लंगडी काहून केली? घरात एक हाये थे पुरत नाही का?''

तुझा शहाणा भाऊजी,
उकंडा


यवतमाळ,
२१ जुलै १९६६

भाऊजींना जयभीम.

हे पत्र मीच मोठ्याने वाचून दाखवलं. हेड मिस्त्री बाकावर बसून डोळे पुसत होता. एका बाजूच्या कमानी काढणारा माणूस त्याने तीस वर्षांत पाहिला नाही.

आता मुकाट्याने उजवीकडचेही तेवढेच पाटे काढा. निघालेले पाटे भंगारात देऊ नका, सुतळीने बांधून ठेवा. तुमची हौस फिटली की मीच ते परत घालायला येईन.

ताईने तुम्हाला लंगडा म्हटलं ते वाचून काळजी वाटली. कंबर एवढी गेली का? अठरा वर्षं शेठच्या गाडीत बसून काढलीत, दुखणारच. पूनमसिंग कंडक्टरबरोबर चोळायचं तेल पाठवतो आहे. ताईकडून रोज चोळून घ्या, आणि तिला म्हणावं दोन ओळी लिही. रागावली असेल तर कशावरून ते तरी कळू दे.

डोमाजी


दिग्रस,
१९ ऑगस्ट १९६६

प्रिय डोमाजी,

तेल पोचलं. कामाला येत आहे.

चारही कमानींतून तीन-तीन पाटे काढले. मोटार सरळ बसली, आणि काय बसली म्हणून सांगू! मी तीन दिवस तिच्याभोवती फिरत होतो. चौथ्या दिवशी माझा बंजारा मित्र सेवादास याला बरोबर घेऊन त्याच्या सासऱ्यांना दवाखान्यातून त्यांच्या तांड्यावर पोचवायला निघालो. सडक सोडली, चाकोरीला लागलो, आणि पन्नास पावलांवर मोटार मधल्या वरंब्यावर पोट टेकून बसली. चाकं फिरत होती, पण त्यांचा जमिनीशी काही संबंध उरला नव्हता. म्हातारबुवांनी विचारलं, ''आला का तांडा?''

सेवादासने बैल आणले. दोर बांधून मोटार ओढायला लावली तेव्हा खालून जो आवाज आला तो अजून माझ्या दातांत आहे. सेवादास खाली वाकला, मागे वळून वाट पाहिली आणि म्हणाला, ''उकंडाभाऊ, हे मोटार हाये का वखर? चांगली वखरनी झाली बापा. आता पेरून टाकतो.''

खालचं तेलाचं चेंबर फाटलं. इंजिनाचं सगळं तेल वाटेवर सांडलं. तांड्यावरची पोरंसोरं ती काळी रेघ पाहुण्यांना दाखवतात म्हणे. चेंबर काढून पूनमसिंगबरोबर पाठवतो आहे, तेवढं सांधून दे. पूनमसिंग फार बोलका माणूस आहे. तू त्याच्याशी कामापुरतंच बोल.

उकंडा


यवतमाळ,
२८ ऑगस्ट १९६६

भाऊजी,

पूनमसिंग बोलका आहे हे बरं झालं.

चेंबर माझ्या हातात देऊन तो म्हणाला, ''तुमच्या ताईचा गुडघा कसा आहे आता?'' मी विचारलं, कसला गुडघा? तेव्हा मला कळलं की माझी बहीण एप्रिलमध्ये मोटारीत चढताना पडली, चार महिने घराबाहेर नाही, आणि पाय वाकत नाही. अख्ख्या दिग्रसला माहीत आहे. कंडक्टरला माहीत आहे. मला नाही.

आणि तुम्ही मला पत्रं कसली लिहिता? डॉक्टरांची गाडी, अडत्यांची सोयरीक, वखर! मी ती वर्कशॉपात वाचून दाखवली. तुमच्या कंबरेसाठी तेल पाठवलं. मला आता माझीच लाज वाटते आणि तुमचा राग येतो. आईनंतर मला तिने वाढवलं आहे, भाऊजी. ती घरात बसून आहे आणि तुम्हाला मोटार देखणी करायची आहे?

चेंबर सांधून ठेवलं आहे. उत्तर आल्याशिवाय पाठवणार नाही.

डोमाजी


दिग्रस,
४ सप्टेंबर १९६६

प्रिय डोमाजी,

तू लिहिलंस त्यातला एक शब्दही जास्त नाही. नागपूरचे डॉक्टर कोणी आले नव्हते. मी त्यांना तयार केलं, त्यांची गाडीही मीच तयार केली.

एप्रिलमध्ये दारव्ह्याला लग्नाला निघालो होतो. रुखमाचा पाय पायदानावरून निसटला आणि गुडघा आत वळला. पट्ट्या बांधल्या, पण तो आता नीट वाकत नाही. त्या दिवशी चौघांनी तिला उचलून मोटारीत ठेवलं. हसलं कोणी नाही. एक बाई मात्र म्हणाली, ''सांभाळून ठेवा, सामान फुटन.'' घरी आल्यावर रुखमा म्हणाली, ''आता मले कोनी उचलाचं नाही. मेल्यावर उचला.'' आणि तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली. डोमा रजा टाकून धावत येईल, म्हणाली.

चालते ती, काठी धरून, हळूहळू. फक्त चढता येत नाही. एस.टी.च्या पायऱ्या तर आणखी उंच. आणि दसऱ्याला नागपूरला जायचंच असं तिने ठरवलं आहे. दीक्षा घेतली त्याला दहा वर्षं होतात.

आता जे लिहितो ते तुलाही माहीत नाही. छप्पन साली ती इथून बायांच्या जथ्याबरोबर सात दिवस पायी नागपूरला गेली. सगळ्यांना वाटतं, शेठने मला रजा दिली नाही. मी मागितलीच नव्हती. दसऱ्याला शेठच्या मोटारीची पूजा असायची, तिला झेंडूचा हार घालायचा मान माझा होता. नोकरी जाईल अशी भीतीही होती, पण हाराची हौसच मोठी होती, हे आता लिहून टाकतो. बायको पायी गेली आणि मी मोटार पुसत राहिलो. डोमाजी, ती हीच मोटार. आज ती माझी आहे आणि रुखमाला तिच्यात चढता येत नाही.

म्हणून पाटे काढले. म्हणून डाव्या बाजूचे आधी काढले. तिला घेऊन जायचं आहे, आणि तिथे कोणी उचलल्याशिवाय ती उतरली पाहिजे. एवढंच. मला दुसरी युक्ती सुचत नाही, आणि माझ्या युक्त्या तू पाहिल्याच आहेस.

उकंडा


यवतमाळ,
११ सप्टेंबर १९६६

भाऊजींना जयभीम.

पत्र कोणाला वाचून दाखवलं नाही.

रागाचं नंतर बघू. सांधलेलं चेंबर पूनमसिंगबरोबर पाठवलं आहे. ताईवर मी रागावतो आहे आणि तुमच्यावर दोन महिने हसत होतो. दोन वर्षांत दिग्रसला आलो नाही, तीन तासांचा रस्ता. त्यात कोणाची चूक मोठी ते तीच ठरवील.

आता नीट ऐका. अक्कल आपल्या दोघांनाही नाही. मोटार खाली आणायची गरजच नव्हती. मोटारीला एक पायरी लावायची गरज होती. मी बारा पाट्यांची काळजी केली आणि तुम्ही का काढता हे एकदाही धड विचारलं नाही.

प्रत्येक कमानीत दोन पाटे परत घाला, एक बाहेर राहू द्या. मोटार थोडी नरम चालेल, ताईच्या गुडघ्याला तेच बरं. म्हणजे चार पाटे उरतील, ते पूनमसिंगबरोबर पाठवा. मी ते तापवून वाकवतो, त्यांचे अडकवायचे दोन आकडे करतो आणि वर सागाची फळी मारतो. ही झाली पायरी. पायदानाला अडकवायची, काम झालं की काढून गाडीत ठेवायची.

एकच माप हवं. ताईचा पाय किती वर जातो? तिला विचारू नका, ती खोटं सांगेल. पाहून मोजा.

मला दसऱ्याला रजा नाही. जादा गाड्या सोडायच्या आहेत.

डोमाजी


दिग्रस,
९ ऑक्टोबर १९६६

प्रिय डोमाजी,

पायरी पोचली आणि पहिल्याच झटक्यात बसली. माझ्या हातून काही पहिल्या झटक्यात बसलेलं रुखमाने पाहिलं नव्हतं, ती बघतच राहिली.

माप घेताना तू सांगितल्याप्रमाणे तिला विचारलं नाही. दोन दिवस तिच्या मागेमागे फिरलो. तिने विचारलं, ''काय हरवलं तुमचं?'' शेवटी दिसलं की घराचा उंबरठा ती कोणाच्याही मदतीशिवाय ओलांडते. ती झोपल्यावर तो सुतळीने मोजला, साडेसहा इंच. पाट्यांबरोबर तुला पाठवली ती हीच सुतळी. जमिनीपासून पायरी एक उंबरठा, पायरीपासून पायदान दुसरा, पायदानापासून आत तिसरा. असे तीन उंबरठे चढली की नागपूर.

तिला म्हटलं, चढून तर बघ. तिने काठीने पायरी ठोकून पाहिली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ''दसऱ्याच्या येळी चढीन.'' हे बरं की वाईट मला कळलं नाही. तेव्हापासून मी रोज ती पायरी पुसतो. पुसण्याचं काम मला चांगलं येतं.

जाताना वर्कशॉपच्या गेटावर थांबू.

उकंडा


दिग्रस,
२८ ऑक्टोबर १९६६

डोमा,

जयभीम. सहा महिने तुले पत्र नाही, चुका साचल्या हायेत. पहिली, माह्या घरच्या मानसाले पाटे काढाले तू शिकवलं. दुसरी, थ्यायच्या कंबरेचं म्हणून पाठवलेलं तेल मले लागलं, पन वास लय घाण होता. तिसरी मोठी हाये, थे सांगते.

तुमची सगळी पत्रं म्या वाचली. तुहे भाऊजी पाकिटाले गोंद कधी लावत नाईत, अन् तुही पत्रं उशाखाली ठेवून तसेच घोरतात. झेंडूच्या हाराचं वाचलं तवा दोन दिवस बोलली नाई मी. थ्यायले वाटलं गुडघा दुखते.

तर तिसरी चूक. उंबरठा दोघायनं मोजला. साडेसहा इंच, माप बराबर हाये. पन मी उंबरठा कशी ओलांडते थे कोनी पाह्यलं? मी चौकट धरते. दोनी हातानं. मोटारीले चौकट कुठं हाये?

हे मले पहिल्याच दिवशी दिसलं होतं. सांगितलं असतं तर थ्यायनं दाराची चौकट काढून मोटारीले बसवली असती. म्हणून गप राह्यली. म्हटलं, त्या दिवशी पाहू.

निघाच्या दिवशी अर्धी गल्ली जमली. मी पायरीपुढं उभी. एक हात काठीले, दुसऱ्याले धराले काही नाई. तुहे भाऊजी माह्या हाताकडे पाहून राह्यले अन् मंग थ्यायच्या ध्यानात आलं. तोंड एवढंसं झालं बिचाऱ्याचं. पायरीपाशी येऊन उभे राह्यले. म्हने, खांदा धर. म्या म्हटलं, उचलसान तर याद राखा. म्हने, हात मागं बांधतो. अन् खरंच दोनी हात पाठीमागं धरून, मास्तरनं उभं केल्यासारखे ताठ उभे राह्यले. म्या खांदा धरला. एक, दोन, तीन. चढली.

तू गेटावर भेटला, हात काळे होते म्हणून दुरूनच जयभीम केला. तवा तुह्यावर रागावाचं राहून गेलं. आता रागावली म्हणून समज. पुढच्या दसऱ्याले रजा आधीच मागून ठेव.

नागपूरले गर्दी एवढी का मोटार पुढं जाईना. तुहे भाऊजी हॉर्न वाजवाले लागले. म्या म्हटलं, थांबवा, इथंच उतरते. थ्यायनं पायरी लावली, हात मागं घेतले, उभे राह्यले. मी उतरली. कोनी उचललं नाई. मंग काठी टेकत आम्ही सगळ्यायसंगं चालाले लागलो.

डोमा, मागच्या येळी मी याच रस्त्यानं आलती. सात दिवस बायायचा जथा होता, पन इथं पोचलो तवा लय जनीयचे नवरे रेल्वेनं येऊन वाट पाहत उभे होते. मी इकडे तिकडे पाह्यलं होतं. हे आजवर कोनालेच सांगितलं नाई.

यंदा थे माह्या बाजूनं चालत होते. बऱ्याच येळानं म्या पाह्यलं तर दोनी हात अजून पाठीमागंच. म्या म्हटलं, अहो, मोटार मागं राह्यली, आता सोडा. अन् एक हात मले द्या.

तुही ताई,
रुखमा